तेवीस फूट तार आणि रशियाचा चंद्र

माझे काका जालन्यातले नामांकित वकील. नामांकित म्हणजे त्यांनी स्वतःच स्वतःचं नाव पुष्कळ घेतलेलं. निजामाच्या अमदानीत त्यांनी उर्दूत वकिली केली, ते राज्य गेल्यावर आठवड्याभरात मराठीचे अभिमानी झाले, आणि दोन्ही राजवटींत त्यांच्यावाचून गावात एकही सभा झाली नाही. सत्कार करायला कुणी पुढे आलं नाही तर हार ते स्वतःच नेत, कुणाच्या तरी हातात देत आणि मान पुढे करत. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

रशियाने आकाशात चंद्र सोडला ते सत्तावन्न साल. दसऱ्याचं सोनं नुकतंच वाटून झालं होतं. रेडिओवर बातमी आली की धातूचा एक गोळा पृथ्वीभोवती फिरतो आहे आणि फिरता फिरता बारीक आवाज पाठवतो आहे. गावात दोन तट पडले. एक म्हणे तो कपाशीवर पडणार, दुसरा म्हणे असलं आपल्या पूर्वजांनी कधीच करून ठेवलं होतं. दुसऱ्या तटाचे पुढारी अर्थातच काका. पूर्वजांनी काय केलं होतं हे त्यांना विचारलं की ते म्हणत, "सगळं सांगत बसलो तर मंग कोर्टात कधी जाऊ?"

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. हैदराबादला बी.एस्सी. करून आले होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि हा आमच्या काकांच्या मते माझ्या पदवीचा एकमेव परिणाम होता. वडील जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. कुंडलिकेच्या अलीकडे दोन खोल्या आणि अंगण एवढ्यात मी आणि आई राहत होतो. वडिलांनी हौसेने घेतलेला बॅटरीवरचा रेडिओ होता. आई त्यावर सिलोनची गाणी ऐके.

हैदराबादला आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक होते, त्यांना हौशी बिनतारीचा नाद. सरकारी परवाना काढून ते घरच्या यंत्रावरून परमुलखातल्या आपल्यासारख्याच वेड्या माणसांशी बोलत. त्यांनी आम्हां मुलींना एकदा घरी नेऊन दाखवलं होतं. मी मोठ्या मनोऱ्याच्या अपेक्षेने गेले, तर पाण्याची टाकी आणि पेरूचं झाड यांच्यामध्ये बांधलेली एक साधी तांब्याची तार. त्या तारेवरून ते जपानशी बोलले. म्हणाले, "तार लांब असून उपयोग नाही, लाटेच्या मापाची पाहिजे. लाटेच्या निम्मी घ्या, मधोमध कापा, दोन्ही तुकड्यांतून जोडतार खाली आणा. झालं." एवढं मला पुरलं.

काकांनी ठरवलं, सगळ्या जालन्याला चंद्र ऐकवायचा. त्यासाठी औरंगाबादहून एक रेडिओतज्ज्ञ आणला. हा गृहस्थ रेडिओ विकत असे. बुशकोट, गॉगल आणि खिशाला दोन पेनं. काकांच्या बैठकीत त्याने गादीवर बसून निकाल दिला, "वकीलसाहेब, चंद्र इतक्या लांब है, तर एरियल पण तितकंच लंबं पायजे. बिलकुल साधी गोष्ट."

काकांना ती बिलकुल पटली. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या चिमणीपासून काकांच्या गच्चीपर्यंत तार ओढायची आणि गच्चीवर लोखंडी खांब उभा करायचा असं ठरलं. मी काही कामाने काकांकडे गेले होते, ती चहा घेऊन बैठकीत आले. म्हटलं, "काका, ह्या चंद्राची लाट पंधरा मीटरची आहे. तेवीस फूट तार बस्स आहे. आणि उंच नको. डोक्यावरून जाणाऱ्या वस्तूसाठी तार जमिनीपासून दोन पुरुष उंच असली की ती वर बघते. चिमणीएवढी उंच नेलीत तर ती आडवी बघेल, आणि जगभरची दुसरीच स्टेशनं ऐकू येतील."

तज्ज्ञाने गॉगल काढला, मला पाहिलं आणि परत लावला. "तेवीस फूट? बाई, त्याच्यावर तर धोतर वाळत घालत्यात."

बैठक हसली. काका सगळ्यांत मोठ्याने हसले आणि म्हणाले, "चहात साखर कमी पडून राह्यली बघ."

मी घरी आले आणि त्याच संध्याकाळी तार बांधली. तांब्याची तार जुन्या मोटारीच्या गुंडाळीतली, एका टोकाला अंगणातला कडुलिंब, दुसऱ्या टोकाला न्हाणीघराला टेकवलेला बांबू. तार झाडाला आणि बांबूला थेट लागू नये म्हणून दोन्हीकडे माझ्या काचेच्या बांगड्या अडकवल्या. ह्या कामाचे चिनी मातीचे गट्टू औरंगाबादला मिळत, पण ते विकणारा माणूस मी नुकताच पाहिला होता. आईने बांबू धरला. बांबू धरल्या धरल्या म्हणाली, "बाई, ह्याच्यातून रशिया बोलन?"

"बोलणार नाही. टिवटिव करेल."

"मंग एवढ्या लांबून टिवटिव करायला कशाला गेल्ता?"

मी जोडतार खिडकीतून आत रेडिओपर्यंत नेली.

रेडिओच्या बातम्यांत चंद्र आपल्याकडून कधी जाणार ते सांगत. त्या वेळेला मी काटा लावून बसले. आवाज आला नाही. म्हणजे एक झालं: खरखर मध्येच दबली, सुटली, दबली, सुटली. पुढे पुन्हा नुसती खरखर. आई म्हणाली, "बॅटरी संपली." मला ठाऊक होतं की संपली नव्हती. चंद्र येऊन गेला होता. त्याची लाट पोचत होती, पण साध्या रेडिओला ती वाजवता येत नव्हती. हे काकांना जाऊन सांगावं असं मनातही आलं नाही. दबलेली खरखर ऐकायला कोण सतरंजी टाकणार?

काकांनी मात्र सतरंज्या टाकल्या. गच्चीवर मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर, हार. बदनापूरच्या सकाळच्या गाडीने माणसं आली, काका ज्यांचे खटले चालवत ते घनसावंगीकडचे बागायतदार आले. प्रमुख पाहुणे कापसाचे एक मोठे व्यापारी. चंद्र येण्याच्या वेळेला पाहुण्यांचं भाषण सुरू होतं. ते विमानांपासून निघाले, कपाशीच्या भावावर आले आणि तिथेच रमले. मी मागे बायकांत बसले होते. मनगटावर वडिलांचं घड्याळ होतं. चंद्र आला असणार, डोक्यावरून गेला असणार, आणि पाहुणे अजून कपाशीतच होते.

भाषण संपलं. तज्ज्ञ उठला, रेडिओला हार घातला, काटा फिरवला. नुसता खडखडाट. पुन्हा फिरवला. कुठली कुठली परकी गाणी, कुठलंसं तारयंत्र, आणि मग अचानक स्वच्छ, ठसठशीत टिक, टिक, टिक.

"आला!" काका ओरडले. सगळा मांडव उभा राहिला. एका म्हाताऱ्या बागायतदाराने आभाळाकडे पाहून हात जोडले. पाहुण्यांना हार घातला, काकांना हार घातला, तज्ज्ञाला हार घातला. मग चहा आला. चहा झाला, पानसुपारी झाली, आणि टिकटिक सुरूच.

मला हसू आवरेना. खरा चंद्र दहा-बारा मिनिटांत क्षितिजाखाली बुडतो. हा आमच्या चहासाठी थांबला होता. मी घड्याळ पाहिलं. दर टिकटिकीला सेकंदाचा काटा बरोबर एक घर सरकत होता. जगभरच्या जहाजांना आणि वेधशाळांना घड्याळं जुळवता यावीत म्हणून काही देश अशी टिकटिक हवेत सोडतात. चिमणीवरच्या तारेने आडवं बघून ती कुठूनशी आणली होती. जालन्याने त्या सकाळी परदेशातल्या एका घड्याळाचा सत्कार केला.

गर्दी उतरू लागली तेव्हा मी तज्ज्ञाला गाठलं. "हे घड्याळ आहे," मी म्हटलं.

तो पान चघळत होता. जराही दचकला नाही. "बाई, लोकांना आवाज पायजे होता, आवाज आला. तुमचं काय गेलं?"

काकांना सांगितलं, तर म्हणाले, "इतकी माणसं ऐकून राह्यली आन् तूच एकटी शाहणी?" पुढच्या आठवड्यात कुठल्याशा साप्ताहिकात जालन्याने चंद्र ऐकल्याची बातमी फोटोसकट आली. फोटोत काका होते. रेडिओ काकांच्या मागे झाकला गेला होता.

खरा आवाज कसा काढायचा हे मला त्यानंतर सुचलं. प्राध्यापक सांगत, प्रत्येक रेडिओ ऐकताना स्वतःही आतून बारीकशी लाट सोडत असतो. शेजारी दुसरा रेडिओ ठेवून त्याची लाट चंद्राच्या लाटेच्या अगदी जवळ आणली, तर दोन्ही लाटा एकमेकींत मिसळून शिट्टी उमटेल. दुसरा रेडिओ पलीकडच्या घरात होता, आम्ही खाला म्हणत असू त्या विधवा बाईंकडे. त्यांनी तो स्वतः पदराखाली झाकून आणला, जणू दूध सांडेल. दोन्ही रेडिओ एका चौरंगावर ठेवले. मी दुसऱ्याचा काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिले.

वेळ झाली. आधी खरखर. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावी तशी एक शिट्टी. बिप. बिप. बिप. आवाज वाढत गेला, आणि हळूहळू त्याचा सूर खाली घसरायला लागला, जवळून निघून जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा घसरतो तसा. कुठलंच घड्याळ असं घसरत नाही. माझ्या अंगावर काटा आला. तिरस्कार करण्याची माझी सवय जुनी आहे, पण त्या दहा मिनिटांत मला कुणाचाच आठव झाला नाही.

खाला म्हणाल्या, "या अल्ला, ये तो टिटवी हय!"

 आई रेडिओकडे न बघता अंगणात जाऊन वर बघत उभी राहिली. दुपार होती, दिसणार काहीच नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर काका आमच्याकडे आले. ते सहसा येत नसत; वडील गेल्यानंतर तर आमचं अंगण त्यांच्या रस्त्यात पडेनासं झालं होतं. आले, पाट मागितला, आईला म्हणाले, "वहिनी, पोरीने काहीतरी जमवलंय म्हणं."

मागचं असं: दिवाळीनंतर कलेक्टरसाहेब जालन्याला येणार होते आणि त्यांना चंद्र ऐकायचा होता. तज्ज्ञ औरंगाबादहून हलेना. म्हणे कामात आहे. कलेक्टरांसमोर घड्याळ वाजवायची त्याची छाती होत नसावी, म्हणजे काकांपेक्षा त्याला थोडी जास्त अक्कल होती.

मी काकांना बसवलं. खाला आपला रेडिओ घेऊन आल्या. वेळेवर चंद्र आला. बिप, बिप, बारीक, खरखरीत बुडत, वर येत. काकांनी कानाला हात लावून ऐकलं. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

आवाज विरला. काका म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

"त्या दिवशीचा जास्त बराबर होता."

"काका, तो चंद्र नव्हता."

"असू दे. पण आवाज कसा खणखणीत होता! कलेक्टरला हे ऐकवलं तर काय म्हणंल? जालन्याचा चंद्र आजारी हाय?" ते उठले, चपला घातल्या, तारेकडे एक नजर टाकली आणि गेले.

आई म्हणाली, "भावजींना खरं ऐकू येतं, पण चालत न्हाई." माझ्या आईने दिराविषयी आयुष्यात उच्चारलेलं हे सर्वांत कडक वाक्य.

दिवाळी उलटली आणि चंद्र मुका झाला. त्याची बॅटरी संपली, असं बातम्यांत सांगितलं. कलेक्टरसाहेब त्यानंतर आले. काकांनी तज्ज्ञाला कसं मनवलं देव जाणे, पण मांडव पुन्हा पडला, मुका झालेला चंद्र काकांच्या गच्चीवर खणखणीत वाजला आणि कलेक्टरांनी काकांना शाल पांघरली. साहेब शिकलेले गृहस्थ होते. चंद्र गप्प झाल्याची बातमी त्यांनी वाचली नसेल असं मला वाटत नाही. पण शाल हातात आल्यावर ती कुणाच्या तरी खांद्यावर टाकावीच लागते. मी गेले नव्हते, शाळेतल्या मुलींनी येऊन सांगितलं, आणि विचारलं, "बाई, तुम्ही का नाही आलात?" मी त्यांना लाटेचं माप फळ्यावर काढून दाखवलं. दोघींना समजलं.

कार्तिकात रशियाने दुसरा चंद्र सोडला. ह्यात कुत्री बसवलेली. आवाज काट्याच्या त्याच जागी होता. खाला रेडिओ घेऊन आल्या, मी काटे जुळवले, आणि एका सकाळी पुन्हा ती शिट्टी आली. मी आईला सांगितलं होतं की ह्यात जिवंत जनावर आहे.

आई चुलीपुढून उठून आली. थोडा वेळ ऐकलं.

"तिला खाली आणणार कसं?"

"आणणार नाहीत. तशी सोय केलेली नाही."

"पाठवताना ठाऊक होतं?"

"हो."

आईने हात लांब करून आमचा रेडिओ बंद केला. मग खालांचाही. खालांनी आपला रेडिओ पदराखाली घेतला. "शिकलेली माणसं," आई म्हणाली, आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली.