बाळ झोपलंय

रंगूबाई मावशीच्या पाळणाघरात एकच नियम होता. मूल ज्याने आणून सोडलं, त्याच्याच हातात परत द्यायचं. आजी येऊ दे, काका येऊ दे, प्रत्यक्ष ब्रह्मदेव येऊ दे. सकाळी आणणाऱ्याने वहीत वेळ लिहून सही करायची, संध्याकाळी त्याच माणसाने शेजारी दुसरी सही करायची. कोपरीत, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिने सत्तावीस वर्षं हे केलं. त्या वह्यांत माझ्या आईच्या पण सह्या आहेत, कारण मी तिथेच वाढलेली. आज मी, योगिनी, चौतीस वर्षांची आहे. त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते, नौपाड्यात एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, आणि फोनमधलं आपल्याला सगळं कळतं असा माझा परवापरवापर्यंत समज होता.

मी सहा वर्षांची असताना एकदा एका बाळाचा बाप आला. नवरा-बायकोचं कोर्टात चाललेलं, मूल आईकडे. माणूस नीटनेटका, हातात बिस्किटांचा पुडा, बोलणं मधासारखं. मावशी नाही म्हणालीच नाही. "बसा ना. बाळ झोपलंय, उठलं की आणते," म्हणाली आणि चहा टाकला. बाळ तोवर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने शेजारच्या मधुकाकूंच्या कडेवरून त्याच्या आईच्या ऑफिसकडे निघालेलं. मग मावशीने मला आतल्या खोलीत नेलं, रिकाम्या पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली आणि कानात म्हणाली, "ओढत राहा. कडी वाजली पाहिजे." पाऊण तास तो बाहेर खुर्चीवर बसून कडीचा आवाज ऐकत होता आणि मी रिकामा पाळणा हलवत होते. त्या पाळण्यात बघायची मला भीती वाटत होती, काहीच नसूनसुद्धा.

अशी ही बाई. आणि हिनेच चोराच्या हातात किल्ल्या दिल्या.

झालं काय, तर अधिक महिना आला. मावशीने रीतीप्रमाणे जावयाला जेवायला बोलावलं. ऋतुराज त्याचं नाव. तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, चांदीचा दिवा, सगळं साग्रसंगीत. तिची एकुलती एक मुलगी अक्षदा त्याला दिलेली. जेवण झाल्यावर त्यानेच पिशवीतून एक नवा कोरा फोन काढला आणि सासूच्या हातात ठेवला. अख्ख्या बिल्डिंगला कौतुक. जावई सासूकडून घेतो, हा उलटा देऊन जातो. मी सुद्धा म्हटलं, मावशी, नशीब काढलंस.

फोन त्यानेच चालू करून दिला. पासवर्ड त्यानेच ठेवला, व्हॉट्सॲप त्यानेच टाकलं. मावशीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "काही अडलं तर मला सांगायचं, आई, दुसऱ्या कोणाच्या हातात फोन देऊ नका," असं म्हणाला. मावशीला ते फार पटलं. तिचाच नियम होता तो.

दीड वर्षाने अक्षदा त्याचं घर सोडून निघाली. मारायचा तो. पण मारण्यापेक्षा वाईट म्हणजे विचारायचा. कुठे होतीस, कोणाशी बोललीस, सात मिनिटं उशीर का. ती डोंबिवलीला नोकरी करणाऱ्या बायकांच्या हॉस्टेलवर राहायला गेली आणि पत्ता फक्त आईला मेसेजमध्ये कळवला. आठवड्याभरात ऋतुराज समोरच्या फुटपाथवर. जवळ आला नाही, बोलला नाही, हाक मारली नाही. फक्त उभा राहिला आणि ती बाहेर पडल्यावर ओळखीचं हसला.

तिने ती जागा सोडली. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ, नव्या ऑफिसातल्या संचिताच्या घरी एक खोली घेतली. या वेळी मेसेजमध्ये पत्ता लिहिला नाही, स्वतः येऊन आईच्या कानात सांगितला. मावशी एका रविवारी डबा घेऊन तिकडे जाऊन आली. मंगळवारी संध्याकाळी संचिताच्या खिडकीतून दिसलं, समोरच्या पानपट्टीपाशी तो उभा होता. तसाच हसला.

त्या रात्री अक्षदाने फोन करून आईला विचारलं, "आई, तू सांगतेस का त्याला?"

मावशी मला हे सांगताना रडली नाही. नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "माझ्या पोरीला मी खोटी वाटते गं," एवढंच म्हणाली. मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी चिडले, आणि चिडले की मी नको ते बोलते. म्हटलं, "तूच बोलली असशील कुठेतरी भाजी घेताना."

खरं तर मावशी मला दोन महिने सांगत होती. "योगिनी, हा फोन माझ्याआधी वाचतो." म्हणजे काय, तर अक्षदाचा मेसेज आला की टुंग वाजायचं, मावशी चष्मा शोधून येईपर्यंत तो मेसेज आधीच वाचलेला असायचा. मी हसण्यावारी नेलं. मावशी, तुझंच बोट लागलं असेल. तू झोपेत वाचत असशील.

मग ऋतुराजचे फोन. आठवड्यातून एकदा, दुपारी चारला. आवाज चढवणं नाही, धमकी नाही. "आई, गुडघा कसा आहे? तेल गरम करून लावा." गुडघ्याचं तिने फक्त अक्षदाला लिहिलेलं. "आई, परवाची भरली वांगी एकटीनेच खाल्लीत का?" वांग्याचं पण फक्त अक्षदाला. मावशी हो-नाही करून फोन ठेवायची आणि मग घरभर फिरून बघायची. दाराच्या मागे, पलंगाखाली, पाळणे ठेवलेल्या माळ्यावर. खिडक्या दिवसा पण बंद करायला लागली. माझ्याशी कुजबुजत बोलायची. एक दिवस फोन तांदळाच्या डब्यात ठेवलेला दिसला, वर झाकण घट्ट. म्हणाली, "घरात कोणीतरी आहे. दिसत नाही, पण बसलेलं आहे." मला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. लाज वाटते आज, पण वाटलं खरं.

मग तो शनिवार. दुपारचे चार वाजले असतील. मावशीचे दोन्ही हात कणकेत, मी समोर बसलेली, फोन आमच्या मध्ये ओट्यावर. टुंग वाजलं. पडद्यावर आलं, 'अक्षदा: आई, बरी आहेस ना?' आम्ही दोघी बघत होतो. कोणी हात लावला नाही. आणि ती ओळ आपोआप पुसली गेली. कोणीतरी उघडून, वाचून, बाजूला ठेवली.

मी झटकन मागे सरकले. मावशी मात्र शांत होती. "बघितलंस?" म्हणाली.

मी फोन घेतला. ज्या कामाला दोन मिनिटं लागतात ते मी दोन महिने केलं नव्हतं. व्हॉट्सॲपमध्ये वरची तीन टिंबं, त्यात 'लिंक केलेली डिव्हाइस'. तिथे एक कॉम्प्युटर होता. मावशीच्या घरात कॉम्प्युटर नाही. त्याच्याखाली लिहिलं होतं, सक्रिय. म्हणजे आत्ता, या क्षणी, कुठल्यातरी टेबलाशी बसून ऋतुराज मावशीच्या फोनमध्ये होता. मग नकाशा उघडला. फोन जिथे जाईल ती जागा सतत एका माणसाला दिसत होती. नाव त्याचंच. मावशी डबा घेऊन कोपरला गेली नव्हती, त्याला बोटाला धरून घेऊन गेली होती.

मावशीला आठवलं. धोंड्याच्या जेवणानंतर त्याने लॅपटॉप उघडून फोन त्याच्यासमोर धरला होता. "मी विचारलं, काय करताय जावईबापू? तर म्हणाले, आई, तुमचे फोटो हरवू नयेत म्हणून करतोय."

मी शिव्या घालत ते कनेक्शन तोडायला गेले. मावशीने पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं.

"थांब. काढलंस तर त्याला कळेल. कळलं की तो खुर्चीवरून उठेल. अक्षदा अजून कोपरलाच आहे."

मला क्षणभर कळेना, कसली खुर्ची. मग तो बिस्किटांचा पुडा घेऊन आलेला बाप आठवला.

तिने जे जे करायला लावलं ते सगळं आम्ही केलं. माझ्या फोनने त्या दोन्ही पडद्यांचे फोटो काढले, तारीख-वेळ दिसेल असे. ते घेऊन अक्षदा आणि मी पोलिसांकडे गेलो, तक्रार लिहून दिली. साहेब म्हणाले, पुरावा चांगला आहे, पण वेळ लागेल, चौकशी होईपर्यंत फोन आहे तसा राहू द्या. अक्षदाने नवा फोन आणि नवा नंबर घेतला, फोनचा पासवर्ड कोणाच्या वाढदिवसाचा नाही, तो तिच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. संचिताच्या घरातून ती मागच्या गल्लीने तिसऱ्या जागी गेली. ती जागा कुठे आहे हे मला माहीत नाही. मावशीलाही नाही. अक्षदा सांगायला लागली तेव्हा मावशीनेच तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला सांगू नको. मी म्हातारी, माझ्या हातून एकदा दार उघडं राहिलंय." अक्षदा आईच्या गळ्यात पडून खूप रडली. मला पण रडू आलं, लपवत नाही.

अक्षदाचं जुनं सिमकार्ड आता माझ्याकडच्या एका जुन्या फोनमध्ये आहे. रोज संध्याकाळी दिवा लावला की मावशी खाली तिच्या फोनवर लिहिते, 'जेवलीस का?' आणि वर मी अक्षदा होऊन उत्तर देते. 'हो आई, खिचडी केली.' भाज्यांचं बोलतो, गुडघ्याचं बोलतो. अधूनमधून मावशी विचारते, 'नव्या जागेचा पत्ता कधी देतेस?' मी लिहिते, 'पुढच्या आठवड्यात नक्की.' मेसेज गेला की तो तिसरा माणूस वाचतोय हे मला माहीत असतं. गेले पाच आठवडे तो अक्षदाच्या आसपास कुठेही दिसलेला नाही.

दर शनिवारी मी माझ्या नौपाड्यातल्या ऑफिसच्या बाहेर अक्षदाला भेटते. सोबत पाळणाघराची जुनी वही असते. ती वेळ लिहून सही करते. मावशी त्या सहीवरून बोट फिरवते, दोनदा, तीनदा, आणि वही उशीखाली ठेवते. हा शनिवार धरून पाच सह्या झाल्या.

काल चार वाजता मी तिच्याकडेच होते. फोन वाजला. मावशीने स्पीकर लावला.

"आई," ऋतुराज म्हणाला, तोच मधाचा आवाज, "अक्षदा भेटते का हो? तिचा पत्ता मिळाला असता तर बरं झालं असतं. मी वाट बघतोय."

मावशीने माझ्याकडे बघितलं.

"बसा ना, जावईबापू," ती म्हणाली. "बाळ झोपलंय. उठलं की आणते."

त्याने फोन ठेवला नाही. तो तिथेच होता, श्वास ऐकू येत होता. मावशीने फोन तसाच ओट्यावर ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "वर जा. ओढत राहा."