ताईबाई आणि घरगाडीचं टेबल

धुळ्यात अवधानच्या रस्त्याला सध्या एकच बातमी आहे, आणि चहाच्या टपरीवरून टायरवाल्याकडे जाईस्तोवर ती आणखी फुगते. ताईबाईनं म्हणे भाईदासला गाडीच्या बाकाखालच्या पेटीत कोंबलं, वरून बारा खिळे ठोकले आणि गाडी तशीच एरंडोलला धाडून दिली. टायरवाल्याच्या तोंडी खिळे अठरा झालेत, आणि भाईदास आतून हनुमान चालिसा म्हणत होता.

यातलं खरं तेवढं आधी सांगून टाकू. खिळा एकही ठोकला नाही. ताईबाई खिळे वापरतच नाही, स्क्रू वापरते, आणि तिच्या कामाला कुणी खिळ्याचं काम म्हटलं तर चार दिवस त्याच्याशी बोलत नाही. गाडी जागची हलली नाही. भाईदास पेटीत स्वतःच्या पायांनी उतरला. ताईबाई फक्त झाकणावर बसली. आता ताईबाईचं बसणं हे खिळ्यांपेक्षा भारी पडतं, हे गल्लीतल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांना विचारा. पण ते देवाच्या हातचं, त्याला तिचा इलाज नाही.

ताईबाई ही निंबा मिस्त्रीची मुलगी. निंबा मिस्त्री हायवेवर ट्रकच्या केबिनी बांधायचा, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागचा झोपायचा बाक त्याच्यासारखा कुणाला साधत नसे. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून ओठांत स्क्रू धरून त्याच्या बाजूला उभी. लग्न झालं, नवरा हिलाल एसटीत ड्रायव्हर, त्याची दिवसाआड पिंपळनेरला मुक्कामी गाडी. घरात बसून काय करायचं म्हणून तिनं बापाची पेटी उघडली. आधी दिवाण, मग रुग्णवाहिकेतला बाक, आणि मग घरगाड्या.

घरगाडी म्हणजे लांब टेम्पोत केलेलं घर. समोरासमोर दोन बाक, मधे टेबल. दिवसा त्यावर जेवायचं. झोपायची वेळ झाली की टेबलाचा मधला पाय काढायचा, टेबल खाली घ्यायचं, ते दोन्ही बाकांच्या कडांवर बरोबर बसतं, वर गाद्या सरकवल्या की पलंग तयार. सांगायला सोपं. पण पलंग बसताना बोटभर फरक पडला तर माणसाची कंबर रात्रभर त्या फरकावर असते. ताईबाई टेबल बसवलं की त्यावर आधी स्वतः आडवी व्हायची. ते टेबल तिला तोलतं म्हटल्यावर मालक पुढचं काही विचारायचे नाहीत.

भाईदासच्या दोन्ही घरगाड्या तिनंच केल्या. हा भाईदास बारीक अंगाचा, पांढऱ्या पँटचा, बोलताना गाडीची किल्ली बोटात फिरवणारा. तोरणमाळ, सापुतारा, पद्मालय, कुठंही लोकांना घरगाडी भाड्यानं द्यायचा. धंदा बरा चालला होता. मग दोन वर्षांपूर्वी जळगावचे एक मुख्याध्यापक सहकुटुंब सापुताऱ्याला गेले, आणि पहाटे त्यांच्याखालचं टेबल मधोमध फाटलं. मुख्याध्यापक दोन बाकांच्या मधल्या खाचेत असे घडी होऊन बसले की गुडघे कानाला. त्यांना काढायला दोन माणसं लागली, आणि महिनाभर ते वर्गात उभ्यानंच शिकवत होते म्हणतात.

गाडी परत आली तेव्हा भाईदासनं ताईबाईला बोलावून घेतलं. चार मिस्त्री उभे होते, चिंधा सुतार त्यांत पुढं. भाईदासनं किल्ली फिरवली आणि म्हणाला, "बाईला काम दिलं, तिथंच चुकलं माझं. जिनं पोळपाट धरायचा तिला टेबल करायला दिलं."

मिस्त्री हसले. चिंधा सगळ्यांत मोठ्यानं हसला, कारण पुढचं काम त्याला मिळायचं होतं.

ताईबाई म्हणाली, "टेबल दाखवा. मी बघते कुठून गेलं."

"बघायचं काय त्यात," भाईदास म्हणाला, आणि गाडीचं दार लावून घेतलं.

ते दार ताईबाईच्या डोक्यात दोन वर्षं लागत राहिलं. धुळ्यात घरगाड्या चार-सहा जणांच्या. ज्याच्याकडे जावं तो म्हणे, "तुम्हीच ना त्या, मास्तर पडले ते टेबलवाल्या?" मग हिनं ट्रॅक्टरच्या सीटांना रेक्झिन शिवलं, लोकांच्या दिवाणांच्या बिजागऱ्या बदलल्या, शेजारणींच्या ओट्याखालची कपाटं दुरुस्त केली. हिलाल सांगायचा, सोडून दे, दुसरं काम आहे ना. ती मान हलवायची आणि सोडायची नाही. भांडी घासताना, दळण निवडताना एकच. ज्या चार तोंडांसमोर तो ते बोलला, त्याच चार तोंडांसमोर त्यानं ते गिळलं पाहिजे. दुसरं काही नको होतं तिला. सकाळी भाईदासची गाडी गल्लीसमोरून गेली की ती हात थांबवून तिचा आवाज ऐकायची. टेबल खडखडतंय, हे तिला ओट्यावरून कळायचं, आणि त्या दिवशी भाजीत मीठ नीट पडायचं.

गेल्या आठवड्यात तीच गाडी तिच्या दाराशी येऊन उभी राहिली.

भाईदासला आणलं होतं त्याच्या बायकोनं, दिपमालानं. दुसऱ्या दिवशी यावलहून तिचे आईवडील यायचे होते, त्यांना पद्मालयाला घरगाडीतून न्यायचं ठरलेलं, आणि टेबल पाय लावला की डुगडुगे, खाली घेतलं की कुरकुरे. चिंध्यानं दोन वर्षांत तीनदा हात फिरवला होता. दिपमाला म्हणाली, "माझे वडील त्यावर झोपणार. ताईबाईंकडे चला, नाहीतर माहेरच्यांना मी सांगते का नाही गेलो ते." भाईदास आला, पण लाज राखायला चिंध्याला आणि त्या तिघा मिस्त्र्यांना बरोबर घेऊन आला, बाई काही चुकीचं बोलली तर सांगायला. चारही तोंडं आपल्या पायांनी चालत आलेली बघून ताईबाईनं पदर खोचला आणि सगळ्यांना पाणी दिलं. तिथंच भाईदासनं सावध व्हायला हवं होतं.

तिनं टेबल उलटं केलं. चिंध्यानं वरून नवा सनमायका चिकटवलेला, खालून लोखंडी पट्टी मारलेली, आणि टेबलाचा पाय ज्या लोखंडी वाटीत बसतो ती वाटी हातही न लावता तशीच ठेवलेली. ताईबाईनं वाटीचे चारही स्क्रू काढले. वाटी उलटी करून तळहातावर आपटली. तळहातावर पडल्या वाळलेल्या मिरचीच्या बिया, लसणाचं साल आणि भाजलेल्या वांग्याच्या सालीचा काळा तुकडा.

तिनं वरचा मायका उचकटला. खालच्या प्लायवर, बरोबर वाटीच्या डोक्यावर, कसल्याशा जड बुडाचा लांबट दाब उमटलेला, आणि त्यातून दोन्ही बाजूंना तडा.

आता हे खानदेशाबाहेरच्या माणसाला समजायचं नाही. इथल्या कुठल्याही बाईला तो दाब डोळे मिटून ओळखता येईल. लाकडाच्या होडीसारख्या बडगीत घालून वांगी, मिरची, लसूण दणादण कुटलं नाही तर त्याला कुणी भरीत म्हणत नाही. पण बडगी ठेवायची जमिनीवर. कुणा शहाण्यानं ती घरगाडीच्या टेबलावर ठेवून, पायाच्या बरोबर वर, पाच-सात माणसांचं भरीत कुटलं होतं. टेबल तेव्हाच तडकलं, आणि बिया-सालं त्या तड्यातून खाली वाटीत उतरली. मुख्याध्यापक बिचारे नुसते त्यावर निजले.

ताईबाईनं मूठ मिटली आणि गोड आवाजात म्हणाली, "भाईदासभाऊ, कुरकुर वरून नाही येत. पेटीतून येते. खालची पट्टी सुटली असेल."

"मग बघ ना उतरून."

"मी उतरले तर मला काढायला गाडी कापावी लागेल. तुम्ही बारीक. आणि एक सांगते, आता मी मालकाच्या डोळ्यांदेखत काम करते. मागून बाईचं नाव यायला नको."

चारही मिस्त्री बघत होते. भाईदासला वाटलं, आपल्यालाही काम कळतं हे दिसू दे. त्यानं बाकाचं झाकण उचललं, मोबाइलचा उजेड लावला, आणि पेटीत आडवा झाला. पेटी चांगली पुरुषभर लांब, बाजूला हवेसाठी जाळी, ताईबाईनंच ठेवलेली.

"कुठली पट्टी?" आतून आवाज आला.

ताईबाईनं झाकण हळूच खाली घेतलं, आवाज न करता, बिजागरी तिच्याच हातची होती, आणि वर बसली. गाडी थोडी त्या अंगाला कलली.

"भाऊ," ती जाळीकडे वाकून म्हणाली, आणि आता तिची भाषा घरची झाली, "आते सांगा, टेबल कोनी मोडं?"

आधी आतून हसण्याचा आवाज आला. मग ढकलण्याचा. मग दोन्ही थांबले. चिंधा एक पाऊल पुढं आला तशी तिनं मूठ उघडून त्याच्यापुढं धरली. चिंध्यानं बिया बघितल्या, प्लायवरचा दाब बघितला, आणि जागच्या जागी उभा राहिला. त्याची आई भरीत विकून म्हातारी झालेली. त्याला काय समजावून सांगायचं.

तेवढ्यात दिपमालाचा फोन वाजला. फोन बाकातून होता.

"बोला," दिपमाला म्हणाली, नवऱ्यापासून दोन हातांवर उभी राहून.

"पोलिसांना फोन कर. ही बाई वेडी झाली."

"करते. आधी त्या काय विचारताहेत ते सांगा. टेबलावर भरीत कोणी कुटलं?"

मग भाईदासनं जन्मातली मोठी चूक केली. तो म्हणाला, "तूच कुटलं असशील. बायकांचं काम ते, मला काय माहीत."

दिपमालानं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं दुधात पाल सापडावी. "मास्तर पडले त्याच्या आदल्या आठवड्यात मी यावलला होते, आईकडे," ती सावकाश म्हणाली. "आणि तुम्ही नाशिकला होता. कामाला. गाडी घेऊन. नाशिकला भरीत कुटायला गेला होता का?"

तिनं फोन पुन्हा तोंडाशी धरला.

"कुठं होता?"

"तोरणमाळला," जाळी म्हणाली, अगदी बारीक. "पाच-सात जण होतो. जेवण केलं, बस."

दिपमालानं फोन बंद करून पर्समध्ये ठेवला. साडी सावरली. आणि आली ती ताईबाईच्या शेजारी झाकणावर बसली. गाडी आणखी थोडी कलली.

"सरका थोड्या," ती म्हणाली, आणि ताईबाई सरकली. दोघी चहा घेणार का, असं चिंध्यानंच विचारलं. चहा आला. आत भाईदास गरम होतंय म्हणाला, कोपर दुखतंय म्हणाला, दोन्ही गाड्यांचं सगळं काम ताईबाईलाच देतो म्हणाला, तिच्या नावाची पाटी लावतो म्हणाला. ताईबाईनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि प्रत्येक वेळी तेवढंच विचारलं. टेबल कोनी मोडं?

शेवटी जाळीतून आलं, "मी मोडलं."

"चिंधाभाऊ, तुमाले ऐकू ऊनं का?"

चिंधा दोन वर्षांपूर्वी हसला होता, ते त्याला आठवत असावं. तो म्हणाला, "नाही बुवा. गाड्यांचा आवाज फार आहे."

मग भाईदास ओरडून बोलला, रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यापर्यंत जाईल असं. टेबल मी मोडलं, भरीत मी कुटलं, तडा दिसला तरी गाडी भाड्यानं दिली, ताईबाईचं काम चोख होतं. बाकीच्या तिघा मिस्त्र्यांना विचारलं, त्यांनी माना हलवल्या. तेव्हा कुठं ताईबाई उठली. दिपमाला आणखी थोडा वेळ बसून राहिली, तिचा चहा राहिला होता.

भाईदास बाहेर आला तेव्हा पांढरी पँट भुशाची झालेली होती. टेबल ताईबाईनं त्याच दिवशी नव्या प्लायचं करून दिलं, त्यावर आडवी होऊन दाखवलं, आणि सकाळी दिपमाला आईवडिलांना घेऊन पद्मालयाला गेली. गाडीत जागा भरपूर होती. भाईदासला तिनं एसटीनं यायला सांगितलं.

त्याच दिवशी हिलाल पिंपळनेरची गाडी लावून घरी आला. बस स्टँडवरच त्याला खिळे ऐकायला मिळाले होते, त्याच्यापर्यंत ते चोवीस झाले होते. ताईबाईनं त्याला ताट वाढलं आणि सगळं सांगितलं. त्यानं अर्धी भाकरी संपवली. मग म्हणाला, "आणि तो बोललाच नसता तर काय केलं असतंस?"

ताईबाई म्हणाली, "मले काय घाई व्हती? मी तं बशेलच व्हती."