काकांचं टोल-फ्री इंग्रजी

आमच्या काकांना हट्टी म्हणणं म्हणजे त्यांचं कौतुक करणं. मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं त्यांचं दुकान घराच्या खालीच. तिथे बसल्या बसल्या साठीनंतर त्यांनी इंग्रजी शिकायचं मनावर घेतलं. कारण दादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, परस्पर लग्न ठरवलं होतं आणि होणाऱ्या सुनेला मराठी-हिंदीचा गंध नव्हता, बोलायची ती इंग्रजीतच. दादाची नोकरी फिरतीची. "हा जाईल दौऱ्यावर, आणि लोकाची पोर माझ्या घरात मुक्यासारखी बसणार," काका म्हणाले. "तेवढं मी होऊ देणार नाही."

क्लास लावला, तो एक दिवस टिकला. मास्तरांनी क्रियापदांची रूपं पाठ करायला दिली. "अशी रूपं म्हणत कुणी कुणाशी भांडतं का?" म्हणून काका उठून आले. घरात कुणाशी इंग्रजीत बोलावं तर आम्ही खो खो हसायचो. शेवटी त्यांना गुरू सापडला तो मिक्सरच्या बुडाशी. कंपनीचा तक्रारीचा नंबर तिथे छापलेला असतो. फोन फुकट, आणि पलीकडचा माणूस हसत नाही, कंटाळत नाही, फोन आपटत नाही. असा माणूस आमच्या घराण्यात एकही नाही.

काका रोज दुपारी इंग्रजीचं बटण दाबत आणि स्वतः डोळे मिटून दुरुस्त करतील अशा मिक्सरची तक्रार करत. व्याकरणाचा नियम एकही शिकले नाहीत, पण वाक्यं अख्खीच्या अख्खी तोंडात बसली. झालं काय, की काका कंपनीसारखंच बोलू लागले. लग्नात व्याह्यांनी हात पुढे केला, तर "थँक यू फॉर कॉलिंग!" जेवताना वहिनीला भाजी वाढून, "एनी अदर कंप्लेंट?" आम्ही हसून हसून बेजार. काकू तर पदरानं डोळे पुसायची. वहिनी बिचारी नुसते ओठ ताणायची.

दादा पहिल्याच दौऱ्यावर गेला आणि एका सकाळी वहिनी बॅग भरून जिन्यात बसलेली दिसली. डोळे सुजलेले. काकूनं खाली दुकानात काकांना हाक मारली. मी पदवीधर, पण माझं इंग्रजी "व्हॉट हॅपन?"च्या पुढे सरकेना. काका हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरसकट वर आले, तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स. मे आय नो द प्रॉब्लेम?"

मला वाटलं, संपलं. आता ही जातेच.

पण ती बोलू लागली. मग रडत रडत बोलू लागली. एरवी समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तोडणारे काका एकदाही मध्ये बोलले नाहीत. ती थांबल्यावर म्हणाले, "आय अंडरस्टँड युवर कन्सर्न."

"डू यू?" तिनं विचारलं.

काकांनी खरं ते सांगून टाकलं. "नो. प्लीज रिपीट. स्लोली."

ती रडता रडता हसली आणि पुन्हा पहिल्यापासून, शब्द सुटे करून सांगू लागली. ऐकता ऐकता काकांचा चेहरा पडला. आमच्याकडे वळून ते म्हणाले, "रोज जेवताना तुम्ही खिदळता ना, तिला वाटतं तिच्यावरच. मला हसता, हे कुणी सांगितलंच नाही तिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांना कंपनीचं तयार वाक्य काही सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःचं जुळवलं. "दे लाफ मी. नॉट यू. यू आल्सो लाफ."

वहिनीनं नाक पुसलं, बॅग उचलली आणि आत नेली.

काका छाती फुगवून उठायला लागले, तोच काकू वहिनीच्या रिकाम्या जागी येऊन बसली. "बसा खाली," ती म्हणाली. "तक्रार अशी पूर्ण ऐकून घेता येते तुम्हाला, हे मला आज कळलं. आता माझी ऐका. लग्नापासूनची आहे. आणि मराठीत आहे, तेव्हा समजली नाही म्हणायची सोय नाही."

काकांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. मी गिऱ्हाईकाचं निमित्त करून खाली सटकलो. दुपारी डोकावून पाहिलं, तर काका अजून पायरीवरच होते, आणि गप्प होते.