गच्चीवरचं फाइव्ह जी

नीट सांगता येईल का माहीत नाही, कारण आठवलं की अजून हसू फुटतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली आणि एका छोट्या कंपनीत माझी मुलाखत ठरली. काम असं, की गाडीतून फिरायचं आणि कुठे कोणत्या मोबाइल कंपनीचं नेटवर्क किती चालतं ते मोजायचं. मला ही नोकरी फार हवी होती.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर आणि नेमकी गुरुवारी. गुरुवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे पुण्याजवळच्या तळवड्यातली आमची अख्खी बिल्डिंग घरी. खोलीत रेंज नसते म्हणून मी गच्चीवर टाकीजवळ बसले, तर मागोमाग सगळे वर!

चौकात दोन कंपन्यांच्या सिमकार्डवाल्या छत्र्या समोरासमोर लागायच्या, एक पिवळी, एक जांभळी. निम्मी बिल्डिंग हिची, निम्मी तिची.

"पोरी, माझं हॉटस्पॉट घे," चाकणला वेल्डिंग करणारे शेजारचे काका म्हणाले. ते पिवळ्या पार्टीचे. "फाइव्ह जी हाय, पळतंय नुसतं!"

"पळतंय व्हय? काल लेकाला व्हिडिओ कॉल लावला तुमच्या फोनवरनं, तर त्याचं तोंड उघडंच राहिलं," जांभळ्या पार्टीच्या मावशी म्हणाल्या. "माझं घे गं. माझं न्हाई अडकत."

"मावशी, तुमचा तर मिस्ड कॉलसुद्धा अडकतो!" पिवळ्या पार्टीतलं कोणीतरी मागून ओरडलं.

झालं. आत्ताच मोजू म्हणून सगळ्यांनी एकदम स्पीड टेस्ट लावली. कोणी हात उंच केले, एक दादा टाकीवर चढला. "आमचा काटा बघा, काटा!" असा गलका झाला आणि बघता बघता सगळेच काटे खाली बसले.

तेवढ्यात मुलाखतीच्या मॅडम स्क्रीनवर आल्या, थिजल्या आणि गेल्या. सगळ्यांनी पटापट आपापले फोन खाली घेतले.

मग साधा फोन वाजला. मॅडमच होत्या.

"काय झालं तुमच्या नेटवर्कला?"

"मॅडम, सगळे एकदम मोजतायत."

"बरं, मग तुमच्याकडे चांगलं कोणाचं चालतं?"

मी घाबरत म्हणाले, "टाकीपाशी एका कंपनीचं, जिन्यात दुसऱ्या कंपनीचं, नळापाशी कोणाचंच नाही. आणि आत्ता गच्चीवर सगळ्यांचं बंद, कारण सगळे इथेच आहेत."

"हे कधी मोजलंत?"

"मोजलं नाही मॅडम. रोजच्या भांडणांतून कळलं."

पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. पुढे बरंच विचारलं त्यांनी, पण माझी भीती तिथेच संपली होती. शेवटी म्हणाल्या, "सोमवारपासून या."

गच्चीवर नुसता दंगा! मावशींनी माझा गालगुच्चा घेतला. काका मात्र कपाळाला आठ्या घालून उभे.

"पोरी, अभिनंदन राहू दे. कॉल कुठल्या सिमवर आला ते सांग आधी."

माझ्या फोनमध्ये दोन्ही सिम होती. मी फोन ओढणीत लपवला. आता मी मोजणारी झाले होते ना, कुठल्या एका पार्टीची नाही!

अजून सांगितलेलं नाही.