नडगीवरचे जांभळे ठिपके

नव्वदच्या दशकात मी रबाळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. आठ तास उभ्यानं काम. एका संध्याकाळी पाय धुताना नडग्यांवर मसुरीएवढे जांभळे ठिपके दिसले. दाबले तरी फिके होईनात. महिन्याभरात दोन फुटून जखमा झाल्या.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येतेय. हा आजार जातो, परत येतो. स्टिरॉइडनं लवकर उतरेल, पण ते फार दिवस नको. दुसरी एक गोळी आहे. ती सावकाश लागू पडते, मात्र रक्त तपासत राहावं लागेल."

स्टिरॉइडनं शेजारणीचा चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला होता. मी म्हटलं, दुसरी द्या.

औषधाच्या दुकानातल्या माणसानं चिठ्ठी वाचली, मग माझ्या पायांकडे पाहिलं. "कुष्ठरोग कुणाला झालाय? ही त्याचीच गोळी आहे."

घरी कशी पोचले, आठवत नाही. बाईंनी आपल्यापासून लपवलं, एवढंच डोक्यात. गोळ्या डब्यामागं ठेवल्या, घेतल्या नाहीत. माझं ताट वेगळं केलं, अंथरूण कोपऱ्यात नेलं. चार वर्षांची लेक मांडीवर बसायला आली की तिला दूर करायचे. त्या रोगात बोटं बधिर होतात असं ऐकलं होतं, म्हणून रोज सकाळी गरम चहाचा कप बोटांनी धरून बघायचे, चटका बसतोय ना.

आठवड्यानं नवऱ्यानं विचारलं. ते वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार होते. "पोरीला का ढकलतेस?"

मी सांगितलं. ते जरासे मागं सरकले. मुद्दाम नाही, पण सरकले. मग म्हणाले, "उद्या खाडा करतो. दोघं जाऊन विचारू."

बाईंनी ऐकून घेतलं. "एकच गोळी दोन आजारांवर चालते. तुम्हाला कुष्ठरोग नाही. मी आधीच सांगायला हवं होतं."

त्या दिवसापासून गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना दम लागला, ओठ निळसर पडले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फारच उतरलेलं. बाईंनी गोळी तिथंच थांबवली. ज्याला घाबरून मी आधी नको म्हटलं होतं, ते स्टिरॉइडच शेवटी घ्यावं लागलं. "मध्येच आपल्या मनानं बंद करायचं नाही. मी सांगेन तसं कमी करायचं," असं त्यांनी दोनदा बजावलं. माझा चेहराही सुजला. लेक एकदा टक लावून बघत राहिली, मग म्हणाली, "आई, तू अशी का दिसतेस?"

पाचेक महिन्यांत जखमा भरल्या, गोळ्या सुटल्या. कंपनीनं बसून करायचं काम दिलं. पुढं दोनदा ठिपके उठले. दोन्ही वेळा मी दुसऱ्याच दिवशी इस्पितळ गाठलं आणि कुठली गोळी कशाची, ते बाईंना विचारूनच उठले.