आबांच्या खांद्यावरची सळई

गॅलरीचं ग्रिल घासताना गंजाचा वास आला आणि माझे वडील, आबा आठवले. ते कळंबोलीच्या लोखंडबाजारात माथाडी होते. नव्वदच्या दशकात मी कॉलेजात होतो, घरातला पहिलाच. आबांची पाठ धरली म्हणून त्यांना नेरूळच्या एका योगवर्गात नेलं.

तिथल्या बाई आसनं सांगत नसत. "डोळे मिटा, शरीराला हवं ते करू द्या," एवढंच म्हणायच्या.

आबा सावकाश वाकले. नसलेली सळई उचलून त्यांनी खांद्यावर घेतली.

"योगा नाय, हमाली चाललीय!" मागून कुणीतरी हसलं.

"आबा, बास ना," मी कुजबुजलो.

त्यांनी डोळे उघडले. "चुकलं व्हय रं?"

बाई हळूच मला म्हणाल्या, "ती सळई खाली ठेवू द्यायची होतीस रे त्यांना."

आबा पुन्हा वर्गाला आले नाहीत. शेवटपर्यंत वाकूनच चालले.