टेम्पोतून आलेली एम.एस्सी.

कमिटी येणार म्हटलं की मुलुंडच्या आमच्या कॉलेजात आधी रंगारी येतात. त्या वर्षी त्यांच्यामागोमाग टेम्पोही आला. केमिस्ट्रीची एम.एस्सी. सुरू करायची आमची तयारी आहे का, ते विद्यापीठाची कमिटी बघणार होती, आणि तयारी काडीची नव्हती. म्हणून आमच्याच संस्थेच्या घाटकोपरच्या कॉलेजातून औषधांची शुद्धता तपासायचं मशीन उचलून आणलं. झाकणाला हिरवी चिकटपट्टी मारलेलं. ज्या टेबलावर ठेवलं तिथे प्लग पॉइंटसुद्धा नव्हता. मी केमिस्ट्री शिकवते, म्हणून त्याच्या शेजारी हसतमुखाने उभं राहायचं काम माझं.

कमिटीतल्या एका सरांनी त्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं. "अरे, हे तर मागे घाटकोपरला भेटलं होतं आम्हाला!"

सगळे हसले. आमचे प्राचार्यही हसले. माझं डोकंच फिरलं.

"सर, हे इथे चालूच होणार नाही. लाइनच नाहीये," मी म्हणाले.

"मॅडम, सरांच्या चहाचं बघा ना जरा," प्राचार्य म्हणाले.

मग शाल, नारळ, आणि निघताना त्याच सरांचा दिलासा: "इच्छा आहे ना तुमची? बाकीचं होईल हळूहळू." कोणाच्या जिवावर हळूहळू? पोरांची दोन वर्षं त्यात जातात, त्याचं काय?

माझी एक विद्यार्थिनी भांडुपची. जोगेश्वरीच्या एका कॉलेजात तिला एम.एस्सी.ची सीट मिळाली होती. आमचं कॉलेज घराजवळ पडतं म्हणून ती सीट सोडायला निघाली. मी म्हटलं, थांब, घाई करू नकोस.

"पण मॅडम, मशीन बघितलं ना मी!" ती म्हणाली.

मान्यता आली, तिने आमच्याकडे प्रवेश घेतला आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन लॅबच्या दारात आली. नेमके तेव्हाच हमाल मशीन खाली नेत होते.

"दुरुस्तीला चाललंय का, मॅडम?"

"नाही गं. जातंय ते. कायमचं." मी तिला तिथल्या तिथे जोगेश्वरीला फोन लावायला लावला. तिने ऐकलं, फोन खाली घेतला.

"सीट दिली म्हणे दुसऱ्याला."

तेवढ्यात प्राचार्य आले. अभिनंदन म्हणत तिच्या पुड्यातला पेढा उचलला आणि जिन्यातून खाली ओरडले, "सांभाळून न्या रे! सोमवारी बोरिवलीला कमिटी आहे!"